वसंतासाठी बाग आणि बाल्कनीची तयारी: सातारा-सांगली परिसरातील वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ महिना लागला की आपल्याकडील बागप्रेमींचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. त्यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे पुण्या-मुंबईसाठी लिहिलेल्या माहितीत सापडत नाहीत, कारण कृष्णाकाठची काळी माती, साताऱ्याच्या उतारांवरील मुरूम आणि माण-खटाव ते जतपर्यंतचा कोरडा पट्टा यांची गणिते निराळी आहेत. पुढील उत्तरे घराभोवतीची छोटी बाग, गच्ची आणि बाल्कनी यांच्यापुरती आहेत. शेतीसाठी ती जशीच्या तशी लागू करू नयेत.

वसंताची तयारी नेमकी केव्हा सुरू करावी?

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने आहेत. परंतु चैत्र उजाडेपर्यंत सांगली-मिरजेत दुपारचा पारा चाळिशीच्या दिशेने निघालेला असतो. त्यामुळे गुढी उभारून झाल्यावर कुंड्या बदलायला घेणे म्हणजे उशीर झाला असे समजावे. आपल्या भागात वसंताची तयारी ही खरे तर उन्हाळ्याची तयारी असते, आणि हे एकदा लक्षात घेतले की कोणते काम आधी करावे व कोणते सोडून द्यावे हे आपोआप ठरते. फुलांची हौस पुरवण्याआधी मुळांना जागा आणि गारवा मिळवून देणे हे या दिवसांतील मुख्य काम आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत साफसफाई व छाटणी, रथसप्तमीपासून महाशिवरात्रीपर्यंत कुंड्या बदलणे व पेरणी, आणि होळीपूर्वी आच्छादन व सावलीची सोय असा क्रम ठेवावा. हलवलेल्या झाडाची मुळे नव्या मातीत रुजायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढा काळ त्याला कडक ऊन लागू नये एवढाच या क्रमामागचा हेतू आहे.

सातारा आणि सांगली येथील कामांत काही फरक करावा लागतो का?

थोडा करावा लागतो. सातारा शहर सांगलीपेक्षा उंचावर आहे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जानेवारीच्या रात्री अधिक थंड असतात आणि ही थंडी फेब्रुवारीतही रेंगाळते. त्यामुळे भेंडी, काकडी, गवार यांसारख्या उष्णता मागणाऱ्या बियांची पेरणी साताऱ्यात आठ-दहा दिवस उशिरा केली तरी चालते. सांगली, मिरज, तासगाव येथे मात्र फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा वाया घालवू नये.

महाबळेश्वर-पाचगणीचा विषय स्वतंत्र आहे. वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, माती तांबडी व आम्लधर्मी आहे आणि उन्हाळाही सौम्य असतो. तेथील वेळापत्रक खाली कराडला लावू नये आणि कराडचे तेथे नेऊ नये. याउलट दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत या भागांत पाणी किती मिळेल हे पाहूनच झाडांची संख्या ठरवावी. पाच कुंड्या हिरव्यागार राखणे हे पंचवीस कुंड्या कशाबशा जगवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

परसातील काळी माती कुंडीत भरली तर चालेल का?

एकटी भरू नये. काळी माती पाणी भरपूर धरते आणि सुकताना आकसते. कुंडीत भरल्यावर ती उन्हाळ्यात कडेने सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तळाच्या छिद्रातून पाणी आले म्हणजे झाड भिजले, असे आपण समजतो आणि झाड मात्र तहानलेले असते. फेब्रुवारीत एखादी कुंडी उलटी करून पाहिली तर मातीच्या गोळ्यावर बाहेरून ओल आणि आतून धूळ असे दृश्य हमखास दिसते.

कुंडीसाठी तांबडी माती किंवा बारीक मुरुमाची माती सुमारे दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग असे मिश्रण घ्यावे. काळी मातीच हाताशी असेल तर ती एकूण मिश्रणाच्या चौथ्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नये आणि तिच्यात जाडसर वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळावे. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला, परंतु बोटाने टोचताच फुटला, तर ते जमले असे समजावे.

कृष्णाकाठच्या ज्या घरांच्या अंगणात २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे पाणी शिरले होते, तेथे मातीवर गाळाचा बारीक थर बसलेला असू शकतो. हा गाळ सुपीक असला तरी वाळल्यावर पापडासारखा कडक होतो आणि पाणी मुरू देत नाही. कुदळीने वीतभर खणून तो खालच्या मातीत मिसळावा आणि भरपूर शेणखत द्यावे.

गेल्या वर्षीची माती फेकून द्यावी का?

फेकू नये. मुळांचा गुंता आणि खडे काढून ती दोन-तीन दिवस उन्हात पसरावी, नंतर तिच्यात तिसरा हिस्सा नवे खत आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ज्या कुंडीतील रोप मर रोगाने किंवा मुळांवर गाठी येऊन गेले असेल, तिची माती मात्र वांगी, टोमॅटो, मिरची यांना पुन्हा वापरू नये.

कुंडी बदलण्याची गरज आहे हे कसे ओळखावे आणि ती कशी बदलावी?

तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर डोकावणे, पाणी घालताच ते न मुरता वर साचून राहणे, सकाळी पाणी देऊनही दुपारी झाड मान टाकणे आणि नवी पाने लहान निघणे, ही चार लक्षणे पाहावीत. यांपैकी दोन दिसली तरी कुंडी बदलावी.

आदल्या दिवशी सायंकाळी झाडाला पाणी द्यावे, म्हणजे मातीचा गोळा अखंड निघतो. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कुंडी आडवी करून चहूबाजूंनी तळहाताने थापटावी आणि खोड न ओढता गोळा सरकवून बाहेर काढावा. कुंडीच्या आकारात गोल फिरलेली मुळे बोटांनी सैल करावीत. फारच गुंता असेल तर खालची बोटभर मुळे धारदार सुरीने कापावीत. मुळे कापली असतील तर वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात कमी कराव्यात, अन्यथा पानांची पाण्याची मागणी आणि मुळांचा पुरवठा यांचा मेळ बसत नाही.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनीच मोठी असावी. छोट्या रोपासाठी एकदम मोठी कुंडी घेतल्यास न वापरलेल्या मातीत पाणी साचून राहते आणि मुळे कुजतात. छिद्रावर खापराचा तुकडा उपडा ठेवावा, कडेला वरून एक इंच जागा मोकळी सोडावी आणि झाड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. नंतर आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हात आणावे. या काळात खत देऊ नये.

फुलांनी किंवा कळ्यांनी लगडलेले झाड हलवू नये, आणि मार्चचा मध्य उलटून गेल्यावर तर कुंडी बदलण्याचा विचार पहिल्या पावसापर्यंत पुढे ढकलावा.

कोणते खत द्यावे? रासायनिक खत दिले तर बिघडते का?

बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड महिन्यातून एकदा, एवढे बहुतेक झाडांना पुरते. ग्रामीण भागात मिळणारे लेंडीखत उत्तम असते, परंतु ते पुरते कुजलेले असावे. ताजे खत कुंडीत उष्णता निर्माण करते. साखर कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणाऱ्या गाळापासून, तयार केलेले खत मिळू शकते. तेही काळे, भुसभुशीत आणि वास गेलेले असल्याशिवाय वापरू नये.

घरच्या घरी जीवामृत करावयाचे असल्यास शेतीचे प्रमाण कमी करून घ्यावे. दहा लिटर पाण्यासाठी अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती (रासायनिक खत न पडलेली, झाडाखालची) पुरते. सावलीत झाकून ठेवावे, दिवसातून दोनदा काठीने ढवळावे आणि तीन-चार दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून मुळांशी द्यावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी ते करण्यापूर्वी शेजाऱ्यांचा विचार करावा. वास येत नाही असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

रासायनिक खताने आपोआप काही बिघडत नाही. बिघडते ते जास्त मात्रेने आणि कोरड्या मातीत दिल्याने. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समान असलेले) खत लिटरला एक-दोन ग्रॅम घेऊन, आधी साधे पाणी दिलेल्या मातीत, फेब्रुवारी ते मार्चदरम्यान पंधरवड्याने दिले तर चालते. एप्रिलच्या उन्हात मात्र देऊ नये.

कोणत्या झाडांची छाटणी आता करावी आणि कोणत्या झाडांना हात लावू नये?

या प्रश्नात सर्वाधिक गोंधळ असतो, म्हणून तो थोडा विस्ताराने घेणे योग्य ठरेल.

मोगऱ्याची छाटणी याच काळात करावी. जानेवारीत आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करावे, पाने पिवळी पडून गळू लागली की गेल्या हंगामातील फांद्या निम्म्यापर्यंत कापाव्यात, उरलेली पाने काढून टाकावीत, माती उकरून शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. झाड हाडकासारखे दिसू लागले म्हणून घाबरून जाऊ नये. नव्या फुटीच्या टोकाशीच कळ्या येतात, आणि ही ताणाची व छाटणीची पद्धत पाळली तर मार्चपासून ओंजळभर फुले मिळू लागतात. ज्यांचा मोगरा नुसताच पानांनी भरतो आणि फुलत नाही, त्यांनी आधी तो किती तास उन्हात असतो हे पाहावे. पाच-सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर छाटणीने फारसा फरक पडणार नाही.

जास्वंद, कढीपत्ता, कण्हेर आणि अडेनियम यांची छाटणी फेब्रुवारीत करावी. कढीपत्त्याचा शेंडा खुडल्याने तो उंच न जाता फुटवे धरतो. अडेनियमच्या कापाला हळद किंवा बुरशीनाशक लावावे आणि चार दिवस पाणी देऊ नये. त्याचा चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नये, कारण तो विषारी असतो. कण्हेराबाबतही हीच काळजी घ्यावी.

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात. आता केवळ सुकलेली फुले, रोगट आणि आतल्या बाजूला वाढणाऱ्या काड्या काढाव्यात. शेवंतीचा बहर संपला असेल तर झाड जमिनीपासून चार बोटांवर कापावे आणि बुंध्यातून निघणारे मुनवे अर्धसावलीत जपावेत. पुढील वर्षाची रोपे त्यांतूनच होतात. बोगनवेलीला कळ्या दिसत असतील तर कात्री दूर ठेवावी आणि पाणीही हात राखून द्यावे, कारण ती ताणावरच फुलते. मोहोर असलेला आंबा आणि फुलोऱ्यातील लिंबू यांना अजिबात हात लावू नये.

या दिवसांत कोणत्या भाज्या पेराव्यात?

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी, लाल माठ आणि राजगिरा या भाज्या उन्हाळ्यात तग धरतात. भेंडीचे बी रात्रभर, तर कारल्याचे व दोडक्याचे बी चोवीस तास पाण्यात भिजवून पेरावे. रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या खाली असेल तर भेंडी उगवायला फार वेळ घेते आणि बी कुजण्याचा संभव असतो, त्यामुळे थंडी मोडेपर्यंत थांबणे श्रेयस्कर. वेलभाज्यांना किमान पंधरा इंच खोल आणि तितकीच रुंद पिशवी किंवा कुंडी द्यावी. मिरची, वांगी आणि टोमॅटो यांची बियांपासून सुरुवात करण्यापेक्षा फेब्रुवारीत तयार रोपे लावावीत.

पालक, मेथी आणि कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलावर येतात. त्या हव्याच असतील तर पूर्वेकडील बाल्कनीत, दुपारची सावली मिळेल अशा जागी, थोड्या-थोड्या अंतराने पेराव्यात.

रोपवाटिकेतून फेब्रुवारीत रोपे आणताना काय पाहावे?

पिटुनिया, पँझी, डायन्थस यांची फुललेली रोपे या महिन्यात स्वस्त आणि मोहक दिसतात, परंतु ती हिवाळी फुले आहेत आणि उन्हाळा लागताच मान टाकतात. त्याऐवजी सदाफुली, चिनीगुलाब, झिनिया, कॉसमॉस, कर्दळ, जास्वंद यांवर पैसे खर्चावेत. फुललेल्यापेक्षा कळ्या नसलेले, बुटके व बुंध्याशी फुटलेले रोप घ्यावे. पिशवी उचलून तळ पाहावा. पानांची खालची बाजूही पाहावी. हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप घरी आणून लगेच गच्चीवर ठेवल्यास दोन दिवसांत त्याची पाने करपतात, म्हणून आठ दिवस त्याला केवळ सकाळचे ऊन द्यावे.

बाल्कनीची दिशा आणि ऊन यांचा मेळ कसा घालावा?

डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणमुखी बाल्कनीत ऊन थेट आत येते. पुढे तो दररोज थोडा वर सरकतो. आपला भाग साधारण १७ ते १८ अक्षांशांच्या आसपास असल्याने मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस होय. त्यानंतर काही आठवडे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की जानेवारीत दक्षिणेच्या बाल्कनीत उन्हाने न्हालेली कुंडी मे महिन्यात छताच्या सावलीत जाते, आणि वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीतील फर्न व मनीप्लँट यांना मे-जूनमध्ये अनपेक्षित ऊन लागते. झाडाला झाले काय, असे कोडे पडण्यापूर्वी सावली कोठे पडते ते पाहावे.

पूर्वेची बाल्कनी सर्वांत सोयीची. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी सुटका होते. पश्चिमेची सर्वांत अवघड, कारण दुपारी दोननंतरचे ऊन आणि तापलेली भिंत असा दुहेरी मारा होतो. तेथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मार्चच्या मध्यापासून लावावी, कुंड्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या मागे, मातीच्या पुढे असा क्रम ठेवावा. जाळी झाडांवर थेट टाकू नये. हवा खेळती राहील अशा बेताने वर बांधावी.

बाल्कनीवर किती कुंड्यांचे वजन ठेवता येते?

याचे अचूक उत्तर इमारतीचा अभियंताच देऊ शकतो. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे की ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी पंचवीस किलोच्या आसपास भरते. जड कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला न ठेवता घराच्या भिंतीकडे ठेवाव्यात आणि मिश्रणात कोकोपीट व पालापाचोळ्याचे खत वाढवून वजन कमी करावे. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्यास खालची फरशी सुकते आणि गळतीवरून खालच्या मजल्याशी होणारे वाद टळतात. कठड्यावर कुंडी ठेवू नये, यावर मात्र तडजोड नाही. एप्रिल-मेमध्ये वळवापूर्वी जो वारा सुटतो, त्यात ती खाली रस्त्यावर कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नसतो.

आच्छादनासाठी काय वापरावे?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत याचे उत्तर रस्त्याच्या कडेला पडलेले असते: उसाचे पाचट. ऊसतोडणीचा हंगाम फेब्रुवारीत जोरात असतो आणि बरेच शेतकरी पाचट जाळून टाकतात. कोणत्याही ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितले तर पोतेभर पाचट सहज मिळते. त्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालून कोयत्याने त्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत आणि कुंडीत दोन इंच जाडीचा थर पसरावा. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी, नाही तर ओलीने बुंधा कुजतो.

पाचटामुळे मातीला थेट ऊन लागत नाही, ओल अधिक काळ टिकते आणि पावसाळा येईपर्यंत त्याचे हळूहळू खत होते. ते मातीत मिसळू मात्र नये, वरच ठेवावे. न कुजलेले पाचट मातीत मिसळले तर ते कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि झाड पिवळे पडते. रसवंतिगृहातील चिपाडेही चालतात. परंतु ताज्या चिपाडांत साखर उरलेली असते आणि मुंग्यांची रांग लागते, म्हणून ती चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावीत. जमिनीवरील बागेत वाळवीचा उपद्रव असेल तर आच्छादन पातळ ठेवून अधूनमधून हलवावे.

पाणी दिवसातून किती वेळा द्यावे?

घड्याळ पाहून पाणी देऊ नये, माती पाहून द्यावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. फेब्रुवारीत बहुतेक कुंड्यांना एक दिवसाआड पुरते, मार्चअखेर रोज द्यावे लागते आणि एप्रिल-मेमध्ये लहान कुंड्यांना दोन वेळा. सकाळी लवकर देणे सर्वांत चांगले. दुपारी मान टाकलेल्या झाडाला घाईने पाणी घालण्यापूर्वी सायंकाळपर्यंत थांबावे. ऊन उतरल्यावर ते स्वतःहून सावरले तर त्याला पाणी कमी नव्हते, केवळ उष्णतेचा ताण होता.

परसातील बागेत जुना, झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवणे ही कमी पाण्याची फार चांगली पद्धत आहे. दोन-तीन दिवसांनी तो भरावा आणि वर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत. तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र क्षारयुक्त असते, ते कुंड्यांना सतत देऊ नये.

कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, तो कशाचा?

तो क्षारांचा थर आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने, विशेषतः सांगली जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत, तो लवकर साचतो आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागतात. वरची बोटभर माती काढून टाकावी आणि शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट एवढे सावकाश ओतून क्षार तळातून वाहून जाऊ द्यावेत. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे, अन्यथा तेच क्षार पुन्हा वर चढतात. अंगणातील माती सतत अशी पांढरी पडत असेल तर कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून नमुना तपासून घ्यावा. अशी माती सुधारण्यासाठी जे जिप्सम घालतात, त्याची मात्रा अंदाजाने ठरवू नये.

पानांवर कापसासारखे काही दिसते आणि मुंग्याही फिरतात. काय करावे?

तो पिठ्या ढेकूण असून जास्वंदीचा आवडता पाहुणा आहे. मुंग्या त्याने सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी येतात आणि त्याचे शत्रू-कीटकांपासून रक्षण करतात, म्हणून केवळ ढेकूण मारून भागत नाही, मुंग्यांची वाटही बंद करावी लागते. फार लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, उरलेल्या ठिकाणी जुन्या दातब्रशाने साबणाच्या पाण्यात घासावे आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व दोन मिलिलिटर द्रव साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने सायंकाळी फवारावे.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे नाजूक जाळे दिसते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, तोही सलग तीन-चार दिवस, एवढ्यानेच बहुतेक वेळा भागते. औषध दुपारी फवारू नये.

होळीची राख आणि पालापाचोळा बागेत वापरावा का?

पालापाचोळा जरूर वापरावा आणि होळीत टाकू नये. पानगळीच्या या दिवसांत तो अंगणभर मिळतो. जुन्या पोत्यात भरून, शेणपाण्याने ओला करून सावलीत ठेवला तर पावसाळ्याच्या तोंडावर उत्तम खत मिळते. राख मात्र जपून वापरावी. ती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असते आणि कृष्णाकाठची काळी माती मुळातच विम्लतेकडे झुकलेली असते. तांबड्या मातीच्या कुंडीत महिन्यातून चमचाभर ठीक, त्याहून अधिक नको.

कुंडीत बुलबुलने घरटे केले आहे. छाटणी राहिली, काय करावे?

छाटणी राहू द्यावी. अंडी घातल्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत साधारण महिनाभराचा प्रश्न असतो. पाणी हलक्या हाताने बुंध्याशी द्यावे, फवारणी टाळावी आणि कुंडीची जागा बदलू नये. पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे ठेवले असेल तर त्यातील पाणी रोज बदलावे.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जायचे असल्यास काय सोय करावी?

सर्व कुंड्या घरातील सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, फुले व कळ्या काढून टाकाव्यात आणि आच्छादन दुप्पट करावे. पाण्याच्या बादलीतून सुती दोरीची वात मातीत दोन-तीन इंच खुपसली तर लहान कुंड्या आठवडाभर निभावतात. त्यापुढे शेजाऱ्यांना किल्ली देण्याला पर्याय नाही.

हळद आणि आले कुंडीत लावता येते का? लागवड केव्हा करावी?

येते, आणि आपल्या भागात तर लावावीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून कसबे डिग्रज येथे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन चालते; फुले स्वरूपा हे वाण तेथीलच. लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करतात, त्यामुळे आता फक्त तयारी करावयाची आहे. पंधरा-अठरा इंच रुंद पिशवी, भुसभुशीत मिश्रण आणि काढणीच्या हंगामात, म्हणजे याच दिवसांत, शेतकऱ्याकडून घेतलेले डोळे फुगलेले निरोगी कंद एवढे पुरे. कंद सावलीत कोरड्या वाळूत ठेवावेत. आल्याचेही तसेच.

गेल्या वर्षीच्या कुंडीतील हळदीची पाने वाळली असतील तर आठ-दहा दिवस पाणी तोडून कंद काढावेत. मे फ्लॉवर आणि निशिगंध यांच्या कुंड्यांत सध्या काहीच दिसत नसेल तर त्या रिकाम्या समजून दुसरे रोप खोचू नये. मे फ्लॉवरचा कंद वळवाची पहिली सर येताच पाने फुटण्याआधीच फुलाचा दांडा वर काढतो. तोपर्यंत त्याला आठवड्यातून एकदा थोडे पाणी आणि कुंडीवर नाव लिहिलेली पट्टी, एवढेच लागते.